शून्य त्याचं आहे, ते त्याच्याकडेच राहू द्या

पत्र :

माझा मुलगा देवगड तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये दहावीला आहे. त्याचे बाबा मुंबईला कंपनीत, गावी गणपतीत आणि शिमग्याला येतात. घरात मी, मुलगा आणि सासरे. सासरे या दिवसांत आंब्याच्या कलमांच्या फवारणीत असतात. गेल्या आठवड्यात सराव परीक्षेत भूमितीच्या पेपरला मुलाकडे चिठ्ठी सापडली. पर्यवेक्षक सरांनी पेपर काढून घेतला आणि पेपर सुटेपर्यंत त्याला ऑफिसच्या दाराशी उभं केलं. येणारेजाणारे बघत होते. भूमितीला शून्य दिलं, मला बोलावून घेतलं आणि चिठ्ठी हातात दिली. तिचा फोटो सोबत पाठवते आहे. मुलाला विचारलं तर म्हणतो, "सगळेच करतत, माकाच एकट्याक पकडल्यानी." सासरे म्हणतात, मुख्याध्यापक ओळखीचे आहेत, मी शब्द टाकतो, शून्य काढून घेऊ, "चार मार्कांसाठी पोराक कित्याक छळतास?" सर म्हणतात, आणखी कोणाकोणाकडे चिठ्ठ्या होत्या ती नावं त्याने सांगावीत. त्याच्या बाबांना मी अजून कळवलेलं नाही. ते तापट आहेत. पहिल्या सत्रात भूमितीला 40 पैकी 11 मिळाले तेव्हा फोनवरच खूप बोलले होते. शिमग्याला आले की समोरासमोर सांगेन असं ठरवलंय. मी त्याच्यासाठी काय करायचं ठेवलं? जलसुरक्षेचा प्रकल्पसुद्धा त्याला वेळ मिळेना म्हणून मी आणि माझ्या बहिणीने रात्री जागून पूर्ण करून दिला. मुलगा नीट जेवत नाही. संध्याकाळी जेटीवर जाऊन बसतो आणि काळोख पडल्यावर येतो. सासऱ्यांना शाळेत जाऊ देऊ का? नावं सांगू देत का? मला काही सुचत नाही.

एक आई, देवगड तालुका

उत्तर :

ताई,

चिठ्ठी, शून्य, मुख्याध्यापक हे सगळं नंतर बोलू. आधी जेटीचं.

चारचौघांत मान खाली गेलेला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा जेवण टाकतो आणि काळोख पडेपर्यंत एकटा पाण्याशी बसतो, हे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंत. माझ्या लेखी ते पहिलं आहे. बहुतेक मुलं अशा वेळी तोंड लपवायला जागा शोधत असतात, तुमचाही तेवढ्यासाठीच जात असेल. तरी खात्री करून घ्यायची. आज तो निघाला की तुम्हीही बरोबर जा. बराच वेळ परीक्षेचं नावही काढू नका. मग सरळ विचारा, "तुला जगणं नकोसं वाटतंय का रे?" हा प्रश्न तोंडातून काढायला कुठल्याही आईला जड जातं. आपण विचारलं तर त्याच्या मनात नसलेलं भरेल, अशी भीती असते. तसं होत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून मूल मोकळं होतं. तो हो म्हणाला, किंवा "मी नसलो तर बरं" अशा अर्थाचं काही बोलला, तर त्याला एकटं सोडू नका आणि लगेच 14416 ला फोन लावा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे. पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं. डॉक्टरांनाही दाखवा, उशीर करू नका. तसं काही नसेल, तर झालंय ते निस्तरण्यासारखं आहे आणि मी तुझ्याबरोबर आहे, एवढं सांगून त्याला घरी जेवायला आणा.

आता सासऱ्यांचं. त्यांना पाठवू नका.

त्यांची माया मला कळते. नातवाला दाराशी उभं केलेलं ऐकून कोणत्या आजोबांचा जीव तळमळणार नाही? पण त्यांनी शब्द टाकला, मुख्याध्यापकांनी भिडेखातर शून्य खोडलं, तर मुलाकडे काय उरेल ते बघा. भूमिती त्याला आत्ता जेवढी येते तेवढीच येत असेल. चिठ्ठी केल्याचा सल मनात तसाच राहील. आणि वर तो एक नवी गोष्ट शिकेल, की पकडलं गेलो तरी घरचे सोडवून आणतात. ही गोष्ट डोक्यात घेऊन तो बोर्डाच्या केंद्रावर जाऊन बसेल. तिथे पर्यवेक्षक कदाचित दुसऱ्या शाळेतले असतील, भरारी पथक कधीही येईल आणि आजोबांना ओळखणारं कोणी नसेल.

या शून्याने बिघडतंय काय, तेही बघा. सराव परीक्षेतले गुण बोर्डाच्या गुणपत्रिकेवर जात नाहीत. दहावीला गणिताचे लेखी 80 गुण, बीजगणित 40 आणि भूमिती 40, आणि अंतर्गत मूल्यमापनाचे 20. सराव परीक्षा या हिशेबात कुठेच येत नाही. तेव्हा हे शून्य त्याला लागलंय ते मनाला. बोर्डात हीच चिठ्ठी सापडली असती तर गोष्ट वेगळी होती. तिथे चिठ्ठी वापरली की नाही हा प्रश्नच नसतो, जवळ सापडली तरी तो गैरप्रकार. उत्तरपत्रिका काढून घेतात, मुलाकडून लेखी जबाब घेतात, प्रकरण रत्नागिरीला विभागीय मंडळाकडे जातं, निकाल राखून ठेवतात. मंडळाची शिक्षासूची ठरलेली आहे. संपादणूक रद्द होणं, म्हणजे त्या परीक्षेतले गुण बाद होणं, आणि पुढच्या परीक्षेला बसता न येणं, इथपर्यंत ती जाते. शिवाय परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध राज्यात 1982 पासून स्वतंत्र कायदा आहे. हे त्याला घाबरवायला सांगू नका. शांतपणे, जेवताना, एकदाच सांगा. दहावीच्या मुलाला हे नियम माहीत असणं हा त्याचा हक्क आहे.

सासऱ्यांची समजूत कशी घालायची, म्हणाल. ते कलमांतले आहेत ना, मग त्यांच्याशी आंब्याच्याच भाषेत बोला. बाहेरचा आंबा देवगडच्या पेटीत भरून वाशीच्या बाजारात विकतात तेव्हा आपला बागायतदार पोटतिडकीने बोलतो. पेटीवर नाव आमचं आणि आत माल दुसऱ्याचा, हे त्याला सहन होत नाही. म्हणून तर 2018 मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आपल्याकडे एवढा आनंद झाला. मामंजींना म्हणावं, नातवाच्या गुणपत्रिकेवर नातवाचं नाव येणार आहे, तर आतले आकडेही त्याचेच असू देत. चार कमी असले तरी चालतील. मला वाटतं, त्यांना हे माझ्यापेक्षा लवकर पटेल. आणि त्यांना काहीतरी करायचंच असेल तर रोज संध्याकाळी जेटीवरून नातवाला ते घेऊन येऊ देत. तुमच्यापेक्षा आजोबांशी तो जास्त बोलेल.

शाळेत जायचंच, पण मुलाने. तुम्ही बरोबर जा, बाकावर बसा आणि गप्प राहा. जाण्यापूर्वी त्याने स्वतःच्या हाताने चार-पाच ओळी लिहाव्यात : मी चिठ्ठी केली, ती घेऊन पेपरला बसलो, शून्य मला मान्य आहे, बोर्डाच्या पेपरला असं करणार नाही. "मित्रांनी सांगितलं म्हणून", "वेळच मिळाला नाही म्हणून" असली एकही ओळ नको. तुम्ही मजकूर सांगू नका, शुद्धलेखनही तपासू नका. पंधरा वर्षांच्या मुलाने मोडक्यातोडक्या भाषेत लिहिलेला कागद मुख्याध्यापकांना कळतो, आणि आईने सांगितलेला कागदही कळतो.

त्या कागदाबरोबर त्याने सरांकडे एक मागणी करावी. भूमितीचा तोच पेपर मला पुन्हा सोडवायचा आहे, तुमच्यासमोर बसून, गुण कुठेही धरू नका, फक्त तपासून द्या. असं मागणाऱ्या मुलाला नाही म्हणणारा गणिताचा शिक्षक माझ्या बघण्यात नाही. त्या तपासलेल्या पेपरवर जो आकडा येईल, 9 असो की 19, त्यावरून पुढची तयारी करायची आहे.

दाराशी उभं करण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सरांनी पेपर काढून घेतला ते बरोबर, शून्य दिलं ते बरोबर, तुम्हाला बोलावलं तेही बरोबर. सगळ्या शाळेसमोर उभं केलं ते चूक. त्याने कॉपी थांबत नाही, मुलं फक्त चिठ्ठी लपवायच्या नव्या जागा शोधतात. हे तुम्ही मुख्याध्यापकांना जरूर सांगा, पण दुसऱ्या दिवशी, मुलगा बरोबर नसताना, आणि शून्याचा विषय मध्ये न आणता. "तुम्ही त्याला उभं केलंत, मग शून्य तरी काढा" असा सौदा झाला की दोन्ही गोष्टी फुकट गेल्या.

आता ती चिठ्ठी. फोटो मी मोठा करून दोन-तीनदा वाचला. वहीच्या पानाची बोटभर रुंद पट्टी, दोन्ही अंगांनी मुंगीएवढ्या अक्षरांत भरलेली. तुम्ही ती रागाने ठेवून दिली असेल, पण इतक्या खरेपणाने त्याने तुम्हाला पहिल्या सत्रात काही सांगितलं नसेल. सगळ्यात वर, खाली दोनदा रेघ मारून, लिहिलंय : साईन वर्ग थीटा अधिक कॉस वर्ग थीटा बरोबर एक. ताई, हे सूत्र दहावीच्या मुलाला झोपेतून उठवलं तरी येतं. वर्षभर फळ्यावर ते असतं. ते त्याला येत असणारच, तरी त्याने लिहून नेलं. म्हणजे जे येतं त्यावरही त्याचा विश्वास राहिलेला नाही. 11 गुणांनंतर जे बोलणं बसलं त्याचा यात वाटा आहे, असं मला वाटतं.

त्याच्या खाली अंतराचं सूत्र आणि विभाजनाचं सूत्र, दोन्ही बरोबर. मागच्या अंगाला महत्त्वमापन. तिथे शंकूछेदाच्या वक्रपृष्ठफळाचं सूत्र त्याने चुकीचं लिहिलंय. पाय एल, कंसात आर वन अधिक आर टू, असं हवं. एल म्हणजे तिरकस उंची. त्याने एलच्या जागी एच, म्हणजे सरळ उंची लिहिली आहे. चिठ्ठी पकडली गेली नसती तरी ते गणित चुकलंच असतं. आणि सगळ्यात शेवटी पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता, अर्धवट, आकृतीशिवाय. आकृतीशिवाय सिद्धता लिहिणारा मुलगा ती पाठ करतोय, त्याला ती समजलेली नाही. समरूप त्रिकोणांपाशी त्याचं घोडं अडलंय. समरूपता हा पुस्तकातला पहिलाच धडा. तो कळला नाही की पायथागोरसही कळत नाही. जूनमध्ये जे सुटलं ते जानेवारीपर्यंत तसंच राहिलं, आणि त्याने ते कोणाला सांगितलं नाही.

म्हणून ती पट्टी फाडू नका. एका संध्याकाळी त्याच्यासमोर ठेवा आणि कोऱ्या कागदावर ती न बघता लिहायला सांगा. माझा अंदाज आहे की निम्म्याहून जास्त त्याला आठवेल, कारण एवढ्या बारीक अक्षरांत लिहिताना त्याने अभ्यासच केलाय. जे आठवणार नाही ते शिकवायचं. पुढेही प्रत्येक धड्याची अशी पट्टी त्याने करावी, पाठ होईपर्यंत वापरावी आणि पेपरच्या दिवशी घरी ठेवून जावं.

"सगळेच करतत" म्हणाला त्याचं काय करायचं? त्याला खोटं पाडू नका. वर्गात आणखी चिठ्ठ्या असणार, हे तुम्हाला, मला आणि सरांनाही माहीत आहे. आपल्या कोकणात याला एक वेगळं ओझंही आहे. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला. 2024 ला 99.01 टक्के, 2025 ला 98.82, तेव्हा राज्याचा निकाल 94.10 होता. त्याचा मला अभिमान आहे. इथल्या लहान लहान गावांतल्या शाळांनी, डोंगर उतरून येणाऱ्या मुलामुलींनी तो कमावलाय. पण भूमितीत 11 मिळालेल्या मुलाच्या जागी बसून त्या आकड्याकडे बघा. शंभरातले अठ्ठ्याण्णव पास होणार आणि उरलेल्या दोघांत मी असलो तर? गावात, वाडीत, बाजारात प्रत्येक जण विचारणार, "किती पडले?" जिथे अर्धा वर्ग नापास होतो तिथे नापास व्हायला एवढी भीती वाटत नाही. शाळेच्या शंभर टक्के निकालाचं ओझं वर्गातल्या सगळ्यात कच्च्या मुलाच्या डोक्यावर येऊन बसतं, आणि शाळेत कोणी त्याच्याशी त्यावर बोलत नाही.

तेव्हा त्याला म्हणा, "करत असतील सगळे. पण त्यांच्या घरचं त्यांच्या घरी. तुझी चिठ्ठी तू केलीस, तिच्याबद्दल आपण बोलू." आणि मग, ताई, तुमच्या वाटणीचं एक सांगायचं आहे.

जलसुरक्षेचा प्रकल्प. तुम्ही तो मायेने केलात, रात्र जागून केलात, यात शंका नाही. पण त्यावर नाव त्याचं आहे आणि काम तुमचं आणि मावशीचं. वर्षभर घराघरांत हेच चालतं. प्रयोगवही गेल्या वर्षीच्या ताईची समोर ठेवून उतरवायची, निरीक्षणांसकट. प्रकल्पाची चित्रं बाजारातून तयार आणायची, मुखपृष्ठ मामाने छापून द्यायचं. यातल्या कशालाच आपण कॉपी म्हणत नाही. शाळाही म्हणत नाही, ती गुण देऊन मोकळी होते. मग एक दिवस तेच मूल परीक्षेला पट्टी घेऊन बसतं तेव्हा आपण हादरतो. तो तुम्हाला एक ना एक दिवस विचारणार, "प्रकल्प तू केलास ते चाललं, आणि मी चिठ्ठी केली ती नाही चालली?" त्याने विचारण्याआधी तुम्हीच म्हणा, की ते माझं चुकलं. मुलासमोर असं म्हटल्याने आईची किंमत कमी होत नाही.

जलसुरक्षेला श्रेणी असते, गुणांच्या बेरजेत ती येत नाही. तरीही त्याने तो प्रकल्प पुन्हा करावा, असं मला वाटतं. चार पानांत, स्वतःच्या विहिरीवर. देवगडसारख्या ठिकाणी त्यासाठी पुस्तक उघडावं लागत नाही. कातळावरची वाडी, पावसाळ्यात धो धो पाऊस, आणि एप्रिल-मे आला की बायाबापड्या पाण्यासाठी वणवण फिरतात. हे का होतं? विहिरीला किती हात पाणी आहे, आजोबांच्या लहानपणी किती असायचं, फवारणीला किती लिटर लागतं, ते त्याने मोजावं, विचारावं, लिहावं. मात्र आत्ता नको. बोर्डाचे पेपर झाल्यावर मार्च-एप्रिलच्या सुट्टीत, तेव्हा विहीर आटत आलेलीही बघायला मिळेल. शाळेत द्यायचा नाही, घरात ठेवायचा.

नावांचं सांगते. त्याने स्वतःपुरतं सगळं खरं सांगावं, बाकीच्यांची नावं सांगायची सक्ती तुम्ही करू नका. वर्गावर नजर ठेवणं हे पर्यवेक्षकांचं काम आहे, ते पकडल्या गेलेल्या मुलाच्या गळ्यात बांधणं बरोबर नाही. सरांना तो म्हणू शकतो, "सर, मी माझ्याबद्दल सांगतो, दुसऱ्यांचं मला विचारू नका." हे उद्धटपणाचं नाही, आवाज खाली ठेवून म्हटलं की झालं. एका बाबतीत मात्र माझं मत वेगळं आहे. कोणी पैसे घेऊन चिठ्ठ्या पुरवत असेल, दुसऱ्या शाळेत आधी झालेल्या पेपरचे फोटो मोबाईलवर फिरत असतील, किंवा मोठी मुलं लहानांना दमदाटी करून हे करायला लावत असतील, तर ते दडवायचं नाही. पण ते सांगायला तुम्ही जा, मुलाला पुढे करू नका. त्याला पाहिलं तेवढं तुमच्याजवळ बोलू दे, तुमच्या तोंडून ते मुख्याध्यापकांपर्यंत जाऊ दे. मार्चपर्यंत त्याला त्याच वर्गात, त्याच मुलांबरोबर बसायचं आहे.

बाबांना सांगायला शिमग्यापर्यंत थांबू नका. शिमगा आणि दहावीचे पेपर एकमेकांत येतात. 2025 मध्ये परीक्षा 21 फेब्रुवारी ते 17 मार्च अशी झाली आणि होळी 13 मार्चला होती. उद्या पेपर आणि आज घरात हे प्रकरण उघडं पडलं, बाहेर पालखी नाचतेय आणि आत बापलेक भांडतायत, असं व्हायला नको. शिवाय देवगडहून मुंबईला बातमी पोचायला वेळ लागत नाही. चाळीतल्या कोणा गाववाल्याकडून त्यांना कळलं तर ते मुलावर चिडतील त्याहून जास्त तुमच्यावर चिडतील, आणि तेव्हा त्यांचं चुकलं असं मला म्हणता येणार नाही.

या रविवारी त्यांना फोन करा, मुलगा जवळ नसताना. जेवण्याचं आणि जेटीचं त्यांना सगळं सांगा. चिठ्ठीचं सांगू नका, ते त्याचं त्याला सांगू द्या. एवढंच म्हणा, "तो तुम्हाला संध्याकाळी काहीतरी सांगणार आहे. त्याला जड जातंय. त्याचं बोलून पुरं होईपर्यंत तुम्ही बोलायचं नाही, आणि राग आला तर फोन ठेवा, उद्या परत करा." तापट माणसाला आधी सावध केलं तर तो बराच सावरतो. संध्याकाळी मुलगा बोलेल. तुम्ही शेजारी बसा, पण त्याचं वाक्य अडलं तरी पुरं करू नका. बाबा चिडले तर चिडू द्यात, त्यांना चिडायचा अधिकार आहे. फक्त 11 गुणांचा जुना विषय निघाला की मध्ये पडा. तो विषय त्या दिवशीचा नाही.

अभ्यासाचं थोडक्यात. भूमितीचा 40 गुणांचा पेपर नीट उघडून बघा. पहिल्या प्रश्नाला 8 गुण, बहुपर्यायी 4 आणि एकेका गुणाचे 4. दुसऱ्याला 12, त्यात 4 गुण चौकटी भरून कृती पूर्ण करण्याचे. म्हणजे निम्मा पेपर या दोन प्रश्नांत आहे आणि त्यात अवघड सिद्धता लागत नाहीत. अवघड येतं ते चौथ्या-पाचव्या प्रश्नात. तुमच्या मुलाने घाबरून मागून सुरुवात केली असावी, कारण पट्टीवर बराच भर प्रमेयावर आणि शंकूछेदावर आहे. सरांना विचारून समरूपता पहिल्यापासून पुन्हा करावी. भौमितिक रचना आणि निर्देशक भूमिती हे दोन धडे सुटसुटीत आहेत, रोज तासभर बसला तर दोन-तीन आठवड्यांत हाताखालून जातील. रचनेला पेन्सिलीला टोक आणि कंपास घट्ट हवा, सैल कंपासने अर्धे गुण जातात. 2023 पासून पेपर संपताना दहा मिनिटं जादा मिळतात, ती त्याने पहिले दोन प्रश्न पुन्हा तपासायला ठेवावीत. हे सगळं तुम्ही शिकवायला बसू नका. वाडीत बारावी सायन्सची कोणी ताई-दादा असेल तर आठवड्यातून दोनदा तासभर बसायला सांगा. तिची स्वतःची परीक्षा जवळ आली असेल, तेव्हा अकरावीतली कोणी मिळाली तर जास्त बरं.

आणि ज्याची त्याला सर्वात जास्त भीती आहे तेही बोलून टाका. एखादा विषय राहिला तरी वर्ष बुडत नाही. पुरवणी परीक्षा त्याच वर्षी, जून-जुलैमध्ये होते, आणि एक किंवा दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीला प्रवेश मिळतो. हे त्याला माहीत असेल, मुलं एकमेकांत बोलतात. पण तुमच्याकडून आणि बाबांकडून त्याने ते ऐकलेलं नाही. गणित राहिलं तर जुलैला बसशील, आम्ही तुला घराबाहेर काढणार नाही आणि वाडीत कोणी विचारलं तर आम्ही खरं तेच सांगू, असं दोघांनी त्याला सांगा. पेपरच्या आदल्या रात्रीपर्यंत थांबू नका, या रविवारच्या फोनवरच सांगा.